एकुलती प्रत

मराठीच्या प्राध्यापकाच्या हातात पेचकस शोभत नाही, अशी एक समजूत आमच्या महाविद्यालयात आहे आणि इतकी वर्षे आम्हीही ती मनोभावे जपत आलो. संगणक बंद पडला की शिपायाला हाक मारावी, शिपायाने लॅबमधल्या मुलाला बोलवावे, त्या मुलाने काहीतरी करावे आणि आपण तोवर स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्यावा, हा क्रम ठरलेला. या क्रमात एक मोठी सोय होती. यंत्रात जे काही घडते-बिघडते त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. त्या यंत्राच्या पोटात जे ठेवले आहे ते मात्र आपले असते, हे आम्ही सोयीने विसरलो होतो. गेल्या काही महिन्यांत हे विस्मरण आम्हांला महाग पडले. त्याची ही हकिगत.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे महाविद्यालय आहे. मराठी विभागात आम्ही दोघे. एकाचा विषय संत व पंथीय वाङ्मय, दुसरीचा लोकसाहित्य. 2009 पासून पुढे सात-आठ वर्षे आम्ही पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांकडून जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करून घेतले. मुले-मुली आपापल्या गावी जात, आज्जीला, चुलतीला, शेजारच्या आत्याला गळ घालत आणि मोबाइलवर आवाज टिपून आणत. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्याहून उभे केलेले ओव्यांचे प्रचंड काम आमच्यापुढे आदर्श म्हणून होते. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह. त्या डोंगराशेजारी आमचे काम म्हणजे वारूळही नव्हे. पण वारूळ झाले तरी ते आमच्या मातीचे होते. ध्वनिमुद्रणे, त्यांची लिप्यंतरे, मुलांचे लघुप्रबंध असे सगळे विभागातल्या एकमेव संगणकाच्या 'डी' ड्राइव्हमध्ये 'ओवी' नावाच्या फोल्डरात साठत गेले. दुसरी प्रत कुठे होती? कुठेही नव्हती. 'एकदा सवडीने सीडीवर घ्यायला हवे,' असे आम्ही बोलत असू. पुढे 'एकदा पेन ड्राइव्हवर घ्यायला हवे' असे बोलू लागलो. माध्यमे बदलली, सवड मिळाली नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये त्या यंत्रातून आवाज येऊ लागला. आधी क्वचित, मग रोज. टक्, थोडी शांतता, पुन्हा टक्. भिंतीतल्या किड्यासारखा. फाइल उघडायला वेळ लागे. लॅबमधल्या मुलाने कान लावून सांगितले, "हार्ड डिस्क जाणार सर. नवीन घ्या."

नवीन घ्या, हे दोन शब्द उच्चारायला सोपे. महाविद्यालयात त्यांचा प्रवास असा : मागणीपत्र, प्राचार्यांची सही, तीन दुकानांची कोटेशने, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची बैठक, मग ऑर्डर. तिसरे कोटेशन मिळेना म्हणून दिवाळी उलटली. दरम्यान महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची कागदपत्रे तयार करायची होती आणि त्यासाठी हेच यंत्र सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत सुरू राहिले. मरणासन्न माणसाकडून आम्ही पाच महिने पाणी भरून घेतले, आणि ते करताना आम्हांला काहीच वाटले नाही. कार्यालयाला दोष देणे सोपे आहे. पण त्या पाच महिन्यांत एखाद्या दुपारी स्वतःच्या खिशातून पेन ड्राइव्ह घेऊन 'ओवी' फोल्डर उतरवून घ्यायला कोणत्याही समितीची परवानगी लागत नव्हती.

*

जानेवारीत एके सकाळी संगणक सुरू केला तर पडद्यावर एक छोटी चौकट आली. 'डी' ड्राइव्हमधली डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणे. पहिले ठळक, जणू हाताखाली सरकवून ठेवलेले : फॉरमॅट करा. दुसरे फिकट : रद्द करा.

संहितेचे बारकाईने वाचन करावे, प्रत्येक वाक्यामागे कोण बोलते आहे ते ओळखावे, असे आम्ही वीस वर्षे वर्गात सांगत आलो. त्या चौकटीतले वाक्य हा या शिकवणुकीचा खरा पेपर होता. ते वाक्य अतिशय सौजन्यशील होते. त्यात धमकी नव्हती, घाई नव्हती. 'तुमचे लिखाण मला वाचता येत नाही' ही स्वतःची असमर्थता यंत्र सांगत होते. पण सांगण्याचा सूर असा की 'येथे काही लिहिलेलेच नाही, स्वच्छ करून देऊ का?' वाचकाला वाचता येईना म्हणून पाटी कोरी ठरत नाही. समीक्षेत हा घोटाळा आपण नेहमी पाहतो. मोडी न येणाऱ्याने दप्तर रद्दीत घालावे, तसे हे. आमच्यापैकी एकीचे बोट माऊसवर होते. सुदैवाने ते थांबले आणि 'रद्द करा'वर गेले.

याच चौकटीने पूर्वी एक बळी घेतला होता. आमच्या एका सहकाऱ्याने दहा-बारा वर्षांपूर्वी आपला संगणक दुरुस्तीला दिला. दुकानातल्या माणसाने तत्परतेने फॉरमॅट करून, झाडून-पुसून, नवा करून परत पाठवला. प्रबंधाची दोन प्रकरणे त्या झाडलोटीत गेली. दुकानदाराचे म्हणणे रास्त होते : "डेटा ठेवायचा हे सांगितलं नव्हतं." त्याच्या दृष्टीने यंत्र दुरुस्त झाले होते. यंत्रातली वस्तू ही यंत्राहून वेगळी आणि मोलाची असू शकते, हे सांगण्याचे काम ज्याचे त्यानेच करायचे असते.

म्हणून या वेळी यंत्र दुकानात पाठवायचे नाही, असे ठरले. नवी डिस्क एव्हाना आली होती. कपाटात खोक्यात पडून होती, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद व्हायची बाकी म्हणून. संगणकशास्त्र विभागातली शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्या ओळखीची होती. तिला बोलावले. ती आली, आवाज ऐकला आणि तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे : "मॅडम, आधी बंद करा. आणि मी सांगेपर्यंत पुन्हा चालू करू नका."

का, ते तिने समजावून सांगितले. डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात, त्या मिनिटाला 7200 वेळा फिरतात. वाचणारे टोक तबकडीला टेकत नाही. काही नॅनोमीटर वर, हवेच्या थरावर तरंगते. धुराचा कण या फटीहून मोठा असतो. टक् टक् हा त्या टोकाचा आवाज. ठरलेल्या जागी जाते, वाचता येत नाही, परत येते, पुन्हा जाते. प्रत्येक वेळी यंत्र सुरू केले की ही धडपड सुरू होते आणि कधीतरी टोक तबकडीवर घासते. मग तिथले लिखाण कुणालाच वाचता येत नाही. लेखणीने ताडपत्राला स्पर्श न करता वाचायचे, आणि स्पर्श झाला तर पान फाटायचे, असा हा ग्रंथव्यवहार. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात 24 इंची 50 तबकड्या होत्या आणि तिच्यात पन्नास लाख अक्षरे मावत. कपाटाएवढे ते धूड. आमची नवी एक टीबीची डिस्क ओंजळीत मावत होती. कार्यालयातल्या कारकुनाने तिची नोंद करताना 'टीबी म्हणजे?' असे काळजीने विचारले होते.

*

शनिवार दुपार ठरली. आमच्या गावी गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून गुरुवार टाळला. टेबल रिकामे केले. सतरंजी नको, असे त्या मुलीने बजावले. लाकडी टेबल पुरे. कापडावर कापड घासले की जी स्थिर वीज साठते ती आपल्याला जाणवतही नाही, पण मंडलातल्या सूक्ष्म भागांना पुरते. विभागातल्या मॅडमची साडी नायलॉनची होती. त्यांना पदर खोचून एक हात लांब उभे राहण्याची शिक्षा झाली, आणि स्क्रू सांभाळण्याचे काम मिळाले. स्टीलच्या वाटीत ते मोजून ठेवले.

आधी यंत्र बंद. मग बटण बंद. मग प्लग भिंतीतून काढला, नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. वीजपुरवठ्याचा जो चौकोनी डबा, एसएमपीएस, तो कधीही उघडायचा नाही. त्यात बंद केल्यावरही जीवघेणी वीज साठून राहू शकते. कॅबिनेटची बाजू उघडली आणि तिच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली वीज तिथे सोडली. देवळात शिरताना पाय धुवावेत तसे हे. पुढे दर वेळी आत हात घालण्यापूर्वी आम्ही ते करत राहिलो.

आत काय होते? बारा वर्षांची धूळ. तिची जाड राखाडी साय पंख्यावर धरलेली. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची कवचे. आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या पोटात कोणत्याशा कविसंमेलनाची चकती, जिची आठवण आम्हां दोघांनाही नव्हती. मऊ कुंचल्याने धूळ काढली. ओला कपडा नाही, तोंडाने फुंकर नाही, कारण फुंकरीत थुंकीचे तुषार असतात. काहीही काढण्याआधी मोबाइलवर आतल्या सगळ्या जोडण्यांचे फोटो घेतले. कुठली केबल कुठून कुठे जाते याचा तो मूळ पाठ. नंतर शंका आली तर ताडून पाहता येतो.

नवी डिस्क चंदेरी पिशवीत होती. ती पिशवी केवळ वेष्टन नव्हे, स्थिर विजेपासूनचे कवच आहे; शेवटच्या क्षणी फोडावी. डिस्क कडांनी धरावी, खालच्या हिरव्या पाटीला बोट लावू नये. तिच्या अंगावर एक बारीक छिद्र होते आणि शेजारी सूचना होती : हे छिद्र झाकू नये. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असते. यंत्राला श्वासाची जागा हवी, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

मग त्या मुलीने जे करायला लावले ते आमच्या पिंडाचे निघाले. तिने कागद मागितला आणि दोन्ही डिस्कांच्या लेबलांवरचे मजकूर उतरवून घ्यायला सांगितले. बनावट, क्षमता, अनुक्रमांक. जुनी : 500 जीबी. नवी : एक टीबी. हस्तलिखितांच्या सूचीत प्रत्येक पोथीची लांबी-रुंदी, पत्रसंख्या, आरंभ, शेवट नोंदवतात, तशी ही नोंद. "एकदा आत बसवली की लेबल दिसत नाही," ती म्हणाली, "आणि नंतर हाच कागद लागणार आहे."

बसवणे हे सगळ्यांत सोपे. जुन्या डिस्कच्या शेजारचा खण रिकामा होता, पण अगदी खेटून नको म्हणून एक खण सोडून नवी सरकवली. दोघींमध्ये हवा खेळायला हवी. दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू. इथे एक चूक होता होता राहिली. वाटीत डीव्हीडी ड्राइव्हचेही स्क्रू पडले होते. त्यांचे आटे बारीक, हार्ड डिस्कच्या स्क्रूंचे आटे मोठे. जोर केला असता तर गेले असते, पण आटे मोडले असते. स्क्रू बोटांनी सहज फिरत गेला तरच तो त्या जागेचा, हा नियम. शेवटी पेचकसाने हलका पीळ. पैलवानी नको.

आता जोडण्या दोन : एक मजकुराची, एक विजेची. 2004 साली विभागात आलेल्या पहिल्या संगणकात मजकुराची केबल म्हणजे चाळीस तारांची राखाडी पट्टी असे आणि कोणती डिस्क मुख्य, कोणती दुय्यम हे इवल्याशा टोपणांनी ठरवावे लागे. आता साटा नावाची बोटभर रुंदीची केबल आहे. दोन्ही जोडण्यांची तोंडे इंग्रजी 'एल' अक्षरासारखी असतात, म्हणून उलट बसतच नाहीत. तरी बळ केले तर मोडतात. विजेची मोकळी तार मात्र उरली नव्हती. दुकानदाराने जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून नवी काढणारा एक परिवर्तक सोबत दिला होता. तो त्या मुलीने बाजूला ठेवला. अशा काही परिवर्तकांत तारा प्लास्टिकच्या एकाच ठोकळ्यात ओतलेल्या असतात आणि त्या आतल्या आत चिकटून जळाल्याची उदाहरणे आहेत. डीव्हीडी ड्राइव्ह कुणी वापरत नव्हते. त्याच्या दोन्ही केबली काढून नव्या डिस्कला दिल्या. कविसंमेलनाने ओव्यांसाठी जागा करून दिली.

*

इथपर्यंत आम्ही निर्धास्त झालो होतो. खरा धोका यापुढे होता. आता जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवायचे, आणि तेही विंडोज सुरू न करता, म्हणजे ती सौजन्यशील चौकट मध्ये येणार नाही. त्या मुलीने पेन ड्राइव्हवर लिनक्स आणले होते. त्यातली डीडीरेस्क्यू नावाची आज्ञावली अशा मरणोन्मुख डिस्कांसाठीच आहे. जिथे वाचता येईल ते ती आधी उतरवते, जिथे अडते ती जागा सोडून पुढे जाते आणि शेवटी सोडलेल्या जागांकडे परत येते. कुठे काय राहिले याचा नकाशा ती एका वेगळ्या फाइलीत लिहीत असते, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जीर्ण पोथीचा नक्कलकार याहून वेगळे काय करतो? न लागणाऱ्या अक्षरापाशी बसून राहिला तर पोथी संपणार नाही. जागा मोकळी सोडून पुढे जातो.

आज्ञा द्यायची ती एका ओळीत. आधी आज्ञेचे नाव, मग पहिली डिस्क, मग दुसरी, मग नकाशाची फाइल. पहिली म्हणजे जिच्यातून घ्यायचे ती, दुसरी म्हणजे जिच्यावर लिहायचे ती. आम्ही विचारले, "आणि क्रम उलटा झाला तर?"

"तर कोऱ्या डिस्कचं कोरेपण जुन्या डिस्कवर उतरेल, सर," ती शांतपणे म्हणाली.

भाषेच्या विद्यार्थ्याने यापाशी क्षणभर थांबावे. 'रामाने रावणास मारले' आणि 'रावणास रामाने मारले' या दोन वाक्यांत मारणारा आणि मरणारा बदलत नाही, कारण त्यांच्या अंगावर विभक्तीचे प्रत्यय आहेत. शब्द कुठेही बसोत, नाते ढळत नाही. मराठीच्या या लवचीकपणावर आमची कविता पोसली आहे. यंत्राच्या भाषेत प्रत्यय नाहीत. तिथे नाते फक्त जागेवर ठरते. पहिला तो कर्ता, दुसरा तो कर्म, आणि राम-रावणांची अदलाबदल झाली तर रामायण उलटे. व्याकरणाच्या तासाला 'सर, विभक्तीचा उपयोग काय?' असे विचारणाऱ्या मुलांना आता आम्ही हेच उदाहरण देतो.

त्यातही एक मेख होती. यंत्र डिस्कांना 'जुनी' आणि 'नवी' म्हणत नाही. 'एसडीए' आणि 'एसडीबी' म्हणते. आम्ही गृहीत धरले होते की आधीपासून असलेली ती 'ए', आज आलेली ती 'बी'. यादी पडद्यावर आली आणि आमच्यापैकी एकाने घाईने म्हटले, "ए मधून बी मध्ये. द्या आज्ञा." ती मुलगी म्हणाली, "कागद कुठाय?" कागद काढला. यादीतली क्षमता आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचले, एकेक अंक. 'ए' होती नवी. डीव्हीडीची केबल मदरबोर्डवरच्या आधीच्या क्रमांकाच्या खाचेत असावी. ती आम्ही नव्या डिस्कला दिली आणि नावांची उलटापालट झाली. गृहीतकावर चाललो असतो तर बारा वर्षांचे आवाज आमच्याच हाताने, अगदी काळजीपूर्वक, पुसले गेले असते. खोलीत काही वेळ कुणी बोलले नाही. मग आज्ञा लिहिली, तिघांनी तीनदा वाचली आणि कळ दाबली.

रात्रभर ते चालू राहिले. पहारेकऱ्याला सांगून आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. टक् टक् ऐकू येत होतेच. पण आता प्रत्येक टक्नंतर ते टोक पुढे सरकत होते. रविवारी दुपारी काम थांबले. बहुतेक सगळे उतरले होते. काही तुकडे मात्र अनेकदा प्रयत्न करूनही वाचता आले नव्हते. त्या जागी नव्या डिस्कवर काहीच लिहिले गेले नव्हते. यंत्र पुन्हा बंद करून, प्लग काढून जुनी डिस्क बाहेर घेतली. नवीच्या रिकाम्या चंदेरी पिशवीत ती घालून कपाटात ठेवली. यंत्र नव्या डिस्कवर सुरू झाले. फोल्डर होता. फायली होत्या. त्यांची नावे, तारखा, आकार, सगळे बरोबर.

*

ते बरोबर नव्हते. नाव आणि आकार म्हणजे फाइल नव्हे. आतला तुकडा कोरा असला तरी बाहेरून काही कळत नाही. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रण ऐकायचे ठरले. तास संपल्यावर रोज दोन-अडीच तास आम्ही आळीपाळीने ऐकत बसलो. संकलन केल्यापासून इतक्या वर्षांत ते सलग कधी ऐकलेच नव्हते, हेही त्यात कळले. अकरा दिवस लागले. तीन फायली गेल्या होत्या. दोन किरकोळ : एकीत भाषण, एकीची दुसरी आवृत्ती मुलांच्या लघुप्रबंधासोबत होती.

तिसरी एका आज्जीची. 2011 साली आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजोळी जाऊन टिपलेली. गावात पिठाची गिरणी येऊन तीसेक वर्षे झाली होती आणि जाते अंगणात उपडे पडले होते. पण खुंट्यावर हात आल्याशिवाय आज्जीला ओवी आठवेना. म्हणून जाते सरळ केले, मूठभर ज्वारी घातली, आणि मग ती गाऊ लागली. दोन बैठका झाल्या. सकाळची नीट आहे. दुपारची मुख्य, कारण तीत आज्जी सांगितलेले विषय सोडून स्वतःच्या मरून गेलेल्या लेकीवर गायली होती. फाइल सुरू होते, जात्याची घरघर येते, आज्जी खाकरते, दीड ओवी होते आणि मग एक खरखर. पुढे शेवटपर्यंत शांतता. आज्जी 2016 साली गेली.

महानुभावांची परंपरा सांगते की म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि मग ती अनेकांच्या स्मरणातून पुन्हा उभी राहिली. म्हणून तिचे एकाहून अधिक पाठ आज आहेत. पाठभेद म्हणजे अभ्यासकाची डोकेदुखी, असे आम्ही विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असू. आता तसे सांगवत नाही. पाठभेद असतो कारण कुणीतरी, कुठेतरी, दुसरी प्रत ठेवलेली असते. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेही शोधायला आणि ताडायला प्रती होत्या म्हणून. आमच्यापाशी पाठभेद नव्हता. आमच्यापाशी एकुलती एक निर्दोष प्रत होती, आणि ती आम्ही टक् टक् ऐकत पाच महिने वापरत राहिलो. डिस्क कशी बसवावी हे आम्ही शिकलो, आणि आता दुसऱ्यालाही शिकवू शकू. पण ती सुरक्षितपणे बसवण्याचा खरा दिवस ऑगस्टमधला होता. जानेवारीत आम्ही जे केले ते अंत्यविधीतल्यासारखे काटेकोर होते.

दुपारच्या बैठकीचे लिप्यंतर मात्र सापडले. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांची निरर्थक गर्दी. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या एका फॉन्टमध्ये ते टंकलेले. तो फॉन्ट जुन्या डिस्कवरून उतरला होता म्हणून ती गर्दी पुन्हा मराठी झाली. नाहीतर अक्षरे सुखरूप आणि भाषा बेपत्ता, असा प्रकार होता. (फायलींबरोबर फॉन्टही जपावेत, आणि शक्य तितक्या लवकर मजकूर युनिकोडमध्ये आणावा.) ओव्या सगळ्या आहेत. स्वच्छ, क्रमांक घातलेल्या, दोन-दोन ओळींत नीट मांडलेल्या.

याच फोल्डरात त्या विद्यार्थिनीचा कच्चा खर्डाही होता. त्याचे पहिले पानच तेवढे. त्यात तिने ओव्यांच्या मध्ये कंसात लिहिले आहे : इथे आज्जी थांबली. इथे खोकला. इथे जाते थांबवून पदराने डोळे पुसले. इथे हसली, म्हणाली 'आता काय आठवंना बाई'. या कंसांवर लाल रंगाची रेघ आहे आणि शेजारी शेरा आहे : अनावश्यक तपशील, संहितेत नको. हा शेरा आमचा आहे. दोघांपैकी कोणाचा ते आम्ही एकमेकांना विचारले नाही. त्या गुणी मुलीने पुढच्या सर्व पानांतून ते कंस काढून टाकले आणि अंतिम प्रत दिली. आम्ही तिला उत्तम गुण दिले.

सकाळच्या बैठकीची प्रत घेऊन आम्ही त्या गावी गेलो. तेरा वर्षांत घरच्यांना एक प्रत द्यावी हे आमच्या मनात आले नव्हते. आज्जीच्या सूनबाईंनी ओसरीवर चटई टाकली. पेन ड्राइव्ह नातवाने टीव्हीला लावला. घरघर सुरू झाली आणि बराच वेळ घरघरच येत राहिली. आम्ही ओशाळून म्हणालो, "जात्याचा आवाज जरा जास्त आलाय, काकू."

"येऊ द्या की," त्या म्हणाल्या. "आमचंच जातं हाय ते. तिकडं गोठ्यात हाय आता." मग आवाज आला आणि त्या गप्प झाल्या.

आता प्रती तीन आहेत. एक विभागातल्या यंत्रात, एक ग्रंथालयाच्या तिजोरीत वेगळ्या डिस्कवर, एक गावाबाहेर आमच्यापैकी एकाच्या घरी. ज्यांचे आवाज आहेत त्या घरांना त्यांची त्यांची प्रत द्यायचे काम निम्मे झाले आहे. कॅबिनेटच्या झाकणाला आतल्या बाजूने तो कागद चिकटवून ठेवला आहे, दोन्ही डिस्कांचे अनुक्रमांक लिहिलेला. जुन्यापुढे आम्ही कंसात एक नोंद केली आहे : दुपारची बैठक यात होती.